एका अंधुक ताऱ्याची साक्ष: ६१ सिग्नी आणि ‘न दिसण्या’चा प्रश्न

आजच्या व्याख्यानाचा विषय एक तारा आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसेल, आणि पाहिला असेल तर ओळखलेला नसेल. त्याला स्वतःचं नावही नाही. हंस तारकासमूहातला एकसष्टावा, म्हणून ‘६१ सिग्नी’. सिग्नस म्हणजे हंस. एकसष्ट हा आकडा इंग्लंडचा ज्योतिर्विद जॉन फ्लॅमस्टीड याच्या तारासूचीतल्या क्रमावरून त्याला चिकटला. रोहिणी, चित्रा, स्वाती यांची नावं आपल्या पंचांगात, पिकापाण्याच्या बोलण्यात आहेत. या ताऱ्याकडे कुणी नाव ठेवण्याइतकं लक्षच दिलं नाही.

ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती असतात, हे आपल्याला माहीत आहे. पहिल्या प्रतीचे सगळ्यांत ठळक, आणि सहाव्या प्रतीचे म्हणजे उघड्या डोळ्याच्या मर्यादेवरचे. आपला तारा पाचव्या प्रतीच्या आसपासचा. शहरातून दिसायचा नाही. गावाबाहेर, चंद्र नसलेल्या रात्री, डोळा अंधाराला सरावल्यावर एक बारीक ठिपका म्हणून तो हाती लागतो. शिवाय हा एक तारा नाही, दोन आहेत. एक ५.२ प्रतीचा, दुसरा साधारण ६ प्रतीचा, आणि दोघेही नारिंगी. पण हा नारिंगी रंग नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. रंग पाहायला दुर्बीण लागते.

मग अशा ताऱ्यावर एक अख्खं व्याख्यान कशाला? आणि तेही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांनी? कारण असं की ज्या प्रश्नावर युरोपातले थोर थोर विद्वान जवळपास तीनशे वर्षं अडून बसले होते, त्याचं उत्तर या अंधुक ताऱ्यानं दिलं. तो प्रश्न खगोलशास्त्राचा तर होताच, पण आमच्या मते तो आधी ज्ञानशास्त्राचा होता. एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असं कधी म्हणता येतं?

आपल्या परंपरेत या प्रश्नाची फार बारकाईनं चर्चा झालेली आहे. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. खोलीत उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, जमिनीवर नजर टाकली आणि घट दिसला नाही, तर ‘इथे घट नाही’ हे आपलं ज्ञान खरं ज्ञान आहे. नैयायिक म्हणतात, यासाठी वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानंच कळतो. तो वाद आज बाजूला ठेवू. दोघांनाही मान्य असलेली एक अट मात्र लक्षात ठेवू. ही अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे, ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही, असंही ठरत नाही, कारण ते मुळात दिसणाऱ्यांतलं नव्हेच. बौद्धांमध्ये धर्मकीर्तीनंही हीच अट फार काटेकोरपणे मांडली आहे. ही योग्यतेची अट मनात ठेवून आपण सोळाव्या शतकातल्या युरोपात जाऊ.

१५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हा त्याचा सिद्धान्त. आता पृथ्वी खरोखर फिरत असेल तर त्याचा एक परिणाम दिसायला हवा. हाताचं बोट डोळ्यांसमोर धरा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीवर बोट इकडून तिकडे सरकल्यासारखं दिसतं. बोट हलत नाही, पाहण्याची जागा बदलते. याला आपण पराशय म्हणतो. ग्रहणाच्या गणितात आपल्या सिद्धान्तग्रंथांनी हीच कल्पना ‘लंबन’ या नावानं वापरली आहे. तिथे चंद्र जवळचा आणि पाहणारा पृथ्वीच्या पृष्ठभागावर, एवढाच फरक. तर, पृथ्वी जानेवारीत कक्षेच्या एका टोकाला असेल आणि जुलैत तीस कोटी किलोमीटर दूर दुसऱ्या टोकाला, तर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात थोडे इकडे तिकडे सरकलेले दिसायला हवेत. तसं काही दिसत नव्हतं.

कोपर्निकसचं उत्तर असं, की तारे इतके दूर आहेत की हे सरकणं जाणवत नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की हे उत्तर बरोबर होतं. पण त्या काळात ते ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? सिद्धान्ताचा परिणाम दिसत नाही म्हटल्यावर ‘तो फार बारीक आहे’ असं म्हणून सुटका करून घ्यायची, ही पळवाटच वाटणार. टायको ब्राहे हा डेन्मार्कचा ज्योतिर्विद असाच विचार करत होता. दुर्बीण नसलेल्या काळातला तो सर्वांत काटेकोर निरीक्षक. ह्वेन बेटावरच्या आपल्या वेधशाळेत त्यानं केलेली मोजमापं साधारण एका कलेपर्यंत अचूक होती. एका अंशाचे साठ भाग म्हणजे कला, आणि एका कलेचे साठ भाग म्हणजे विकला. टायकोनं पाहिलं, पराशय सापडला नाही, आणि तो म्हणाला, पृथ्वी स्थिर आहे.

शाळेतल्या पुस्तकांत अशा लोकांना बहुधा ‘जुन्या विचारांचे’ म्हणून निकालात काढतात. हे बरोबर नाही. टायकोचा युक्तिवाद भक्कम होता, आणि त्याला आणखी एक जोड होती. नुसत्या डोळ्याला तारे बिंदूसारखे नाही, तर बारीक टिकलीसारखे दिसतात. टायकोच्या अंदाजानं तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्याची ही टिकली एक कला रुंद होती. मग पराशय दिसू नये इतका हा तारा दूर असेल, तर त्याचा खरा आकार किती? गणित केलं तर एक सामान्य तारा पृथ्वीच्या सबंध कक्षेएवढा ठरत होता. टायकोला हे हास्यास्पद वाटलं, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वाटलं असतं. ताऱ्याची ती टिकली खरी नसते, प्रकाशाच्या आणि डोळ्याच्या स्वभावामुळे ती तशी भासते. दुर्बिणीतल्या अशा टिकलीचं नीट गणित इंग्लंडच्या जॉर्ज एअरीनं मांडलं ते १८३५ मध्ये.

तेव्हा टायकोची चूक कुठे झाली? त्याची अनुपलब्धी ‘योग्य’ नव्हती. पराशय असता तर आपल्याला दिसलाच असता, हे त्यानं गृहीत धरलं. प्रत्यक्षात आपल्या आजच्या ताऱ्याचा पराशय त्याच्या एका कलेच्या दोनशेव्या हिश्शाहूनही लहान आहे. टायको अंधारात घट शोधत होता, आणि अंधार आहे हे कळण्याचं साधन त्याच्याकडे नव्हतं. तसं साधन त्या काळात कुणाकडेच नव्हतं.

मग दुर्बिणी आल्या. दुहेरी दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी जवळचा तारा दूरच्याच्या संदर्भात सरकतो का ते पाहावं, अशी युक्ती गॅलिलिओनं १६३२ मध्ये सुचवली. १६६९ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूकनं घराच्या छपरातून उभी दुर्बीण बसवून डोक्यावरून जाणारा गॅमा ड्रॅकोनिस हा तारा पाहिला आणि पराशय सापडल्याचं सांगितलं. तो खरा ठरला नाही. १७२५ मध्ये जेम्स ब्रॅडलीनं मॉलिनो या सहकाऱ्याबरोबर तोच तारा पुन्हा पाहायला घेतला. तारा वर्षभरात खरोखर सरकत होता, मधल्या जागेपासून दोन्हीकडे सुमारे वीस विकला! पण सरकण्याची वेळ चुकीची होती. पराशयानं तो ज्या महिन्यांत टोकाला जायला हवा, त्यापेक्षा तीन महिन्यांच्या फरकानं जात होता. ब्रॅडलीनं हे दडपून टाकलं नाही, आणि मिळालेल्या आकड्याला ओढूनताणून पराशयही म्हटलं नाही. पावसात धावताना छत्री पुढे कलती धरावी लागते, तसं धावत्या पृथ्वीवरून पाहताना प्रकाशही कललेला येतो, हे त्यानं ओळखलं. याला प्रकाशाचं विपथन म्हणतात.

म्हणजे ब्रॅडलीला पृथ्वी फिरते याचा पुरावा मिळाला, पण तो शोधत होता तो पराशय मिळाला नाही. मात्र त्यानं एक मोलाची गोष्ट सांगितली. या ताऱ्याचा पराशय एक विकला असता तरी मला तो दिसला असता, म्हणजे तो त्याहून कमी आहे. पाहा, इथे पहिल्यांदा कुणीतरी आपल्या न दिसण्याची मर्यादा आकड्यात सांगतं आहे. योग्यानुपलब्धी म्हणतात ती ही. आमच्या दृष्टीनं हा या इतिहासातला फार मोठा क्षण आहे, कारण ‘दिसलं नाही’ या वाक्याला त्या दिवशी ‘अमुक इतकं बारीक असेल तरच दिसलं नाही’ असा अर्थ आला.

आता शोध कुठे घ्यायचा, हा प्रश्न उरला. आजवर सगळ्यांनी ठळक तारे निवडले होते. जो तेजस्वी तो जवळचा, हा तर्क साहजिक होता. अंधाऱ्या रस्त्यावर लांबून दिवे येताना पाहिले की मोठा दिवा जवळचा असं आपण धरतोच. पण हा तर्क सगळे दिवे सारख्याच ताकदीचे असतील तरच चालतो. व्याध तारा ठळक आहे आणि खरोखर जवळही आहे. पण आपल्या ताऱ्याच्या शेजारचा डेनेब, हंसाच्या शेपटीवरचा तो लखलखीत पहिल्या प्रतीचा तारा, हजार प्रकाशवर्षांहून कितीतरी दूर आहे. दिसण्यावरून असण्याचा अंदाज बांधताना मध्ये किती गृहीतकं असतात, ते इथे कळतं.

जवळच्या ताऱ्याची दुसरी एक खूण होती. १७१८ मध्ये एडमंड हॅलीनं दाखवलं होतं की तारे पूर्णपणे स्थिर नाहीत. व्याध, स्वाती, रोहिणी हे जुन्या ग्रीक नोंदींच्या तुलनेत जागेवरून हलले आहेत. याला निजगती म्हणतात. जवळून जाणारी बैलगाडी भराभर सरकते, दूरच्या डोंगरावरची गाडी तेवढीच पळत असली तरी जागीच दिसते. म्हणजे जो तारा भराभर सरकतो तो जवळचा असण्याची शक्यता जास्त. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, सेरेस शोधणाऱ्या ज्युसेप्पे पियाझ्झीच्या लक्षात आलं की हंसातला हा क्षुद्र तारा विलक्षण वेगानं सरकतो आहे. वर्षाला पाच विकलांहून जास्त. त्यानं त्याला ‘उडता तारा’ म्हटलं.

वर्षाला पाच विकला म्हणजे किती? आपल्या इतिहासाच्या मापानं सांगतो. रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये. तेव्हापासून आजवर हा तारा आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या एका रुंदीइतका सरकला आहे. आपल्याला हे काहीच वाटत नाही. ताऱ्यांच्या जगात ही धावपळ आहे. गंमत म्हणजे ब्रॅडलीनं हा तारा १७५३ मध्येच पाहून दुहेरी म्हणून नोंदवला होता. त्याला हवा होता तो साक्षीदार समोर उभा होता, पण त्याची साक्ष काढायची हे कुणाला सुचलं नव्हतं.

ते सुचलं फ्रीड्रिख विल्हेल्म बेसेलला. याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जन्म १७८४, जर्मनीतल्या मिंडेन गावी. शाळा अर्धवट सोडून चौदाव्या वर्षी ब्रेमेन बंदरातल्या एका व्यापारी पेढीवर उमेदवारी करू लागला. पेढीचा माल जहाजांनी परदेशी जायचा, म्हणून त्यानं नौकानयनाचं गणित शिकायला घेतलं. त्यातून आकाशाचं वेड लागलं. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि रात्री गणित. वयाच्या विसाव्या वर्षी त्यानं हॅलीच्या धूमकेतूच्या कक्षेचं गणित जुन्या निरीक्षणांवरून करून ब्रेमेनमधल्याच ऑल्बर्स या मान्यवर ज्योतिर्विदाला दाखवलं. ऑल्बर्सनं ओळखलं की हा मुलगा पेढीवर वाया जातो आहे. पुढे हाच कारकून विद्यापीठाचं शिक्षण न घेता १८१० मध्ये क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेचा प्रमुख झाला.

क्योनिग्सबर्ग म्हटलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचे कान टवकारतात. इमॅन्युएल कांटचं ते गाव. कांट १८०४ मध्ये वारला, बेसेल सहा वर्षांनी तिथे आला. वस्तू जशी भासते आणि ती स्वतः जशी असते यांतलं अंतर कांटनं आयुष्यभर तपासलं. बेसेलनं मोजलेलं अंतर त्या अर्थाचं नव्हतं, याची आम्हाला जाणीव आहे, आणि दोघांची गल्लत आम्ही करणार नाही. पण त्या शहरात बसून ‘भासतं किती आणि त्यात माझ्या साधनाचा वाटा किती’ हा प्रश्न कुणी रोज रात्री विचारत होतं, हे पाहून आम्हाला बरं वाटतं, एवढं म्हणू द्या.

कारण बेसेलचं खरं वैशिष्ट्य हेच होतं. कुठलंही उपकरण अचूक नसतं. दोन वेळा बनतं, एकदा कारागिराच्या हातून आणि पुन्हा निरीक्षकाच्या हातून, जो त्यातला प्रत्येक दोष मोजून काढतो, अशी त्याची धारणा होती. हवेमुळे प्रकाश किती वाकतो, थंडीनं धातू किती आखडतो, सगळं तो मोजायचा. ब्रॅडलीच्या जुन्या हजारो नोंदी घेऊन त्यांतले दोष काढून त्यानं १८१८ मध्ये नवी तारासूची छापली. १८२९ मध्ये त्याच्या वेधशाळेत हेलिओमीटर आलं. हे म्यूनिकचा भिंगकार योझेफ फ्राउनहोफर याच्या कार्यशाळेचं उपकरण. फ्राउनहोफर त्याआधी तीन वर्षं, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला होता. या दुर्बिणीचं मुख्य भिंग मधोमध कापून दोन अर्धी केलेली असतात. एक अर्ध स्क्रूनं दुसऱ्यावरून सरकवता येतं. प्रत्येक अर्ध स्वतःची प्रतिमा दाखवतं. एका अर्धातला आपला तारा दुसऱ्या अर्धातल्या शेजारच्या ताऱ्यावर नेऊन बसवायचा, आणि त्यासाठी स्क्रू किती फिरवावा लागला ते वाचायचं. सूर्याचा व्यास मोजायला ही युक्ती निघाली, म्हणून नावात ‘हेलिओ’ म्हणजे सूर्य.

बेसेलनं आसपासचे दोन अगदी मंद तारे निवडले. निजगती नाही, म्हणजे ते बहुधा फार दूर. त्यांपासून ६१ सिग्नीच्या दोन ताऱ्यांच्या मधल्या बिंदूचं अंतर तो मोजत गेला. ऑगस्ट १८३७ पासून ऑक्टोबर १८३८ पर्यंत, आकाश निरभ्र असेल त्या रात्री, आणि एका रात्रीत बहुधा सोळा वेळा. बाल्टिक किनाऱ्याजवळचे ते हिवाळे, वेधशाळेचं छत उघडं, खोली तापवायची सोय नाही, कारण गरम हवेनं प्रतिमा थरथरते. त्या थंडीत बोटांनी स्क्रू फिरवायचा.

उत्तर आलं, ०.३१३६ विकला. याचा अर्थ डोळ्यांसमोर आणायचा तर असं पाहा. पुण्याच्या शनिवारवाड्यापासून सिंहगड सरळ रेषेत सुमारे वीस किलोमीटर. गडावर तीन सेंटिमीटर रुंदीचं नाणं धरलं, तर शनिवारवाड्यावरून ते जेवढं दिसेल तेवढा हा कोन. बेसेलनं अंतर काढलं, सूर्य-पृथ्वी अंतराच्या ६,५७,७०० पट. प्रकाशाला तिथून इथे यायला १०.३ वर्षं लागतात, असंही त्यानं लिहिलं. आजची मोजणी म्हणते पराशय ०.२८६ विकला, अंतर ११.४ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे १०८ लाख कोटी किलोमीटर. बेसेलची चूक साधारण दहा टक्क्यांची.

या शर्यतीत तो एकटा नव्हता. दोर्पातच्या वेधशाळेतल्या स्ट्रूव्हनं १८३७ मध्येच अभिजित ताऱ्यासाठी एक आठवा विकला एवढा आकडा सांगितला होता, आणि तो आजच्या आकड्याच्या फार जवळ आहे. पण निरीक्षणं थोडी होती, आणि तीन वर्षांनी त्यानं स्वतःच तो आकडा दुप्पट केला. दक्षिण आफ्रिकेत केपला टॉमस हेंडरसननं १८३२-३३ मध्येच मित्र ताऱ्याची, म्हणजे अल्फा सेंटॉरीची मोजणी केली होती. पण प्रसिद्ध केली जानेवारी १८३९ मध्ये, बेसेलनंतर. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं १८४१ मध्ये सुवर्णपदक दिलं ते बेसेलला.

हा केवळ पहिल्या नंबराचा प्रश्न नव्हता. बेसेलच्या कामावर विश्वास बसला त्याचं कारण वेगळं आहे. त्याचे दोन तुलना-तारे वेगवेगळ्या दिशांना होते. पृथ्वीच्या फिरण्यामुळेच तारा सरकत असेल, तर एका ताऱ्याच्या संदर्भात तो ज्या महिन्यांत टोकाला जाईल, दुसऱ्याच्या संदर्भात वेगळ्याच महिन्यांत जाईल, हे गणितानं आधी सांगता येत होतं. आणि तसंच झालं. एकमेकांशी न बोललेले दोन साक्षीदार, आणि जबान्या जुळल्या. ब्रॅडलीचा आकडा वेळेत बसला नव्हता, बेसेलचा बसला. कोपर्निकसच्या ग्रंथापासून २९५ वर्षांनी टायकोचा आक्षेप मिटला. तोवर पृथ्वी फिरते याबद्दल जाणकारांत वाद उरला नव्हता, हे खरं. पण एका प्रामाणिक आक्षेपाला प्रामाणिक उत्तर मिळणं बाकी होतं, आणि ते १८३८ मध्ये मिळालं.

अंतर कळल्यावर ताऱ्याचे गुण कळू लागले. दिसणारं तेज आणि अंतर यांवरून खरं तेज निघतं. आपला सूर्य नेऊन तिथे ठेवला तर तो दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा दिसेल, शहरातूनही कदाचित सापडेल. हे दोघे मात्र पाचव्या-सहाव्या प्रतीचे, म्हणजे मुळातच मंद. मोठ्याचं तेज सूर्याच्या सुमारे १५ टक्के, धाकट्याचं १० टक्क्यांहूनही कमी. दोघे एकमेकांभोवती फिरतात, एका फेरीला सुमारे साडेसहाशे-सातशे वर्षं लागतात. ब्रॅडलीनं पाहिल्यापासून अजून अर्धी फेरीही झालेली नाही. या फेरीवरून वस्तुमान निघतं, मोठ्याचं सूर्याच्या ०.७ पट, धाकट्याचं ०.६ पटींच्या थोडं वर.

आणि रंग? इथे आणखी एका तत्त्वज्ञाची आठवण होते. फ्रान्सचा ऑग्यूस्त काँत. १८३५ मध्ये, बेसेलच्या उत्तरापूर्वी तीनच वर्षं, त्यानं लिहिलं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीही कळणार नाही. माणूस बुद्धिवादी, विज्ञानाचा कैवारी. पण ‘दिसत नाही’वरून ‘नाही’ म्हणण्यात जशी घाई होते, तशी ‘आज कळत नाही’वरून ‘कधीच कळणार नाही’ म्हणण्यातही होते. गंमत पाहा, ज्याच्या कार्यशाळेनं हेलिओमीटर बनवलं त्या फ्राउनहोफरनंच १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा नोंदवल्या होत्या. काँतला हवं ते उत्तर त्या रेषांत होतं. १८५९-६० मध्ये किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी ते वाचून दाखवलं. त्या विद्येवरून आज आपण सांगतो की हे दोन्ही तारे ‘के’ वर्गाचे आहेत. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन, तर मोठ्याचा ४,४०० च्या आसपास आणि धाकट्याचा ४,००० च्या थोडा वर. लोखंड तापताना आधी लाल, मग नारिंगी, मग पांढरं होतं, तसाच हा प्रकार. म्हणून नारिंगी. असे तारे इंधन काटकसरीनं जाळतात, म्हणून सूर्यापेक्षा कितीतरी जास्त काळ जगतात.

आता इथे व्याख्यान संपवलं असतं तर गोष्ट फार गोड झाली असती. पण एक कडू घास आहे, आणि तो वाढल्याशिवाय पान पूर्ण होत नाही.

बेसेलनं १८४४ मध्ये आणखी एक धाडस केलं. व्याध तारा सरळ न जाता किंचित हेलकावत जातो, यावरून त्याच्याशेजारी न दिसणारा जोडीदार असला पाहिजे असं त्यानं जाहीर केलं. तेजस्वी असणं हा वस्तूचा अनिवार्य गुण मानायचं काही कारण नाही, असं त्याचं म्हणणं. असंख्य तारे दिसतात, एवढ्यावरून न दिसणारे तारे नाहीत असं होत नाही. १८६२ मध्ये, बेसेल जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, तो जोडीदार अमेरिकेत दुर्बिणीतून दिसला. अनुमान खरं ठरलं.

हेच अनुमान पुढे ६१ सिग्नीवर लावलं गेलं. १९४२ मध्ये काय स्ट्रँड या ज्योतिर्विदानं जाहीर केलं की या जोडीच्या चालीत बारीक हेलकावा आहे, म्हणून तिथे गुरूच्या सुमारे सोळा पट वस्तुमानाचा अदृश्य सोबती आहे. सूर्यमालेबाहेरचा ग्रहच म्हणा ना! बातमी गाजली. पुढे इतरांनीही असे दावे केले. नंतरच्या जास्त काटेकोर मोजणीत तो हेलकावा टिकला नाही. या ताऱ्यांभोवती आजवर एकही ग्रह निश्चित झालेला नाही. ज्या ताऱ्यानं खरी साक्ष दिली, त्याच्याच तोंडी पुढे लोकांनी खोटी साक्ष घातली. टायकोनं असलेलं नाही म्हटलं, स्ट्रँडनं नसलेलं आहे म्हटलं. दोघेही प्रामाणिक, दोघेही मेहनती. दोघांनीही आपल्या साधनाच्या मर्यादेवर असलेली गोष्ट मर्यादेच्या आतली समजली.

म्हणून आम्हाला वाटतं, या इतिहासातून ‘श्रद्धा ठेवा, पुरावा कधीतरी येईल’ असा धडा काढू नये. तो फार धोक्याचा धडा आहे. कुणीही कशाहीबद्दल तसं म्हणू शकतो, आणि आजकाल म्हणतातही. ‘दिसत नाही ना, मग सोडून द्या’ हाही धडा नव्हे. आपण विचारायचं ते हे: ही गोष्ट असती तर माझ्या या साधनानं ती दिसली असती का? किती बारीक असेपर्यंत? ब्रॅडलीनं हे आकड्यात सांगितलं आणि बेसेलनं तो आकडा पुढे रेटला. आज गाया या अंतराळ दुर्बिणीनं सुमारे दीड अब्ज ताऱ्यांचे पराशय मोजले आहेत, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्याची संभाव्य चूक लिहिलेली आहे. चुकीचा तो छोटा आकडा आम्हाला मुख्य आकड्याइतकाच आदरणीय वाटतो. क्योनिग्सबर्गची वेधशाळा दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाली, शहराचं नावही आता कालिनिनग्राड आहे. पद्धत मात्र टिकली.

शेवटी, हा तारा पाहायचा कसा ते सांगून थांबतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यावर, रात्री आठच्या सुमारास तो महाराष्ट्रातून उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे सत्तर अंश उंच असतो. कोजागरी टाळा, चांदण्यात तो बुडून जाईल. दिवाळीअलीकडची एखादी काळोखी रात्र निवडा आणि दिव्यांपासून दूर जा. हंसाचा क्रूस ओळखा. शेपटीवरचा डेनेब, छातीवरचा सद्र आणि पूर्वेकडच्या पंखावरचा एप्सिलॉन, हे तीन तारे घ्या. या तिघांवरून समांतरभुज चौकोन पुरा करा. सद्रच्या समोर जो चौथा कोपरा येईल, तिथेच आपला तारा आहे. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना तो आता नुसता दिसत नाही, द्विनेत्री लागते. तरुणांना दिसेल. लहानशा दुर्बिणीतून पाहिलात तर दोन नारिंगी ठिपके शेजारी शेजारी दिसतील.

आणि आमच्यासारखं कुणाला दिसला नाही, तर एवढ्यावरून तो तिथे नाही असं म्हणू नका. आधी अंधार पुरेसा होता का, ते तपासा.